तीन सुरुंगांची मोजणी

“इद्वलनं मोजलंय ना? मग खुशाल जा.”

आमच्या गल्लीत हे वाक्य सर्रास वापरले जाई. रविवारच्या शाळेची सहल निघताना बसमधली मुले मोजून झाली की कुणी तरी हे म्हणे. बायका केकच्या पिठात अंडी फोडताना म्हणत, चॅपलमध्ये स्तोत्रांची पुस्तके वाटताना म्हणत. इद्वल तिथे असो वा नसो. त्याच्या भिंतीला भिंत लागून राहणारी ब्लॉडवेन मावशी सांगे, “त्या माणसानं जन्मात कधी घाई केली नाही. एलिनेडला मागणी घालायला अकरा महिने लावले. शेवटी तीच म्हणाली, अरे, तू विचारतोस की मी विचारू?”

वेल्समधल्या आमच्या गावात टोपणनावावाचून माणूस ओळखू येत नसे. चाळीस घरांच्या गल्लीत अकरा कुटुंबे जोन्सची होती, सात विल्यम्सची. म्हणून एक जण ओवेन बिगूल, एक जण हुव पायरी, आणि ज्याची गाय एकदा चॅपलमध्ये शिरली होती तो आयुष्यभर डेव्हिड गाय. नाव एकदा चिकटले की ते मुलाबाळांना लागे आणि शेवटी थडग्याच्या दगडावरही कोरले जाई. दगडाला तोटा नव्हता. गावाच्या डोक्यावरचा अख्खा डोंगर पाटीच्या दगडाचा होता, आणि आमची माणसे चार पिढ्या तो फोडून अर्ध्या जगाची छपरे शाकारत आली होती.

इद्वल जोन्सला पूर्वी इद्वल खर्ज म्हणत, कारण गायनवृंदात त्याचा आवाज सर्वांच्या तळाशी असे. पुढे त्याचे नाव इद्वल सबुरी पडले. हे नाव त्याला एका सरकारी फिल्मने दिले. त्याच फिल्मने ग्विलिम जोन्सचे नाव ग्विलिम घाई केले. दोन्ही नावे उलटी होती. हे इद्वलला पक्के ठाऊक होते, ग्विलिमला ठाऊक होते, आणि सुरुवातीला गावातल्या तीस-एक माणसांनाही ठाऊक होते. त्या तीसांत माझे वडील होते.

घडले ते असे.

खाणीत सुरुंग ठरल्या वेळी उडवत. बिगूल वाजला की माणसे जाड छपराच्या दगडी आडोशात जाऊन बसत. प्रत्येक टोळीतला एक जण वाती पेटवून धावत येई आणि दुसरा आत बसून आपल्या टोळीचे बार मोजे. शेजारच्या टोळ्यांचेही सुरुंग त्याच वेळी उडत, समोरच्या कड्यावरून आवाज परत येत, त्यामुळे आपला बार ओळखायला कान तयार लागत. एखादा सुरुंग अडला, म्हणजे वात पेटूनही उडाला नाही, तर अर्धा तास तिकडे फिरकायचे नाही, असा नियम होता. युद्धाची वर्षे सोडली तर इद्वल आणि ग्विलिम चौदा वर्षे एका टोळीत होते. मोजायचे काम इद्वलचे. त्याचा कान चांगला, हे सर्वांना मान्य होते.

सन एकोणपन्नासच्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी, ग्विलिमने तीन वाती पेटवल्या आणि तो आडोशात आला. शनिवारी वृंदाची स्पर्धा होती. इद्वल भिंतीला टेकून, डोळे मिटून आपली खर्जाची ओळ गुणगुणत होता. बाहेर बार उडाले. ग्विलिमने विचारले, “किती?”

इद्वलने डोळे उघडले आणि म्हणाला, “तीन.”

बिगूल पुन्हा वाजला, म्हणजे बाहेर पडायला मोकळीक. ग्विलिम पुढे निघाला. इद्वल बुटाची नाडी बांधायला वाकला, म्हणून मागे राहिला. तिसरा सुरुंग ग्विलिम दहा पावलांवर असताना उडाला. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला आणि त्या बाजूचा कान कायमचा बंद झाला.

इस्पितळात चौकशी करायला खाणीचा साहेब आला तेव्हा ग्विलिमने एवढेच सांगितले, “मोजणी चुकली.” कुणाची, ते त्याने सांगितले नाही. साहेबानेही विचारले नाही.

दीड वर्षाने लंडनहून सरकारी फिल्म काढणारी सहा माणसे आली. त्या काळात सरकारला आम्हाला पुष्कळ गोष्टी शिकवायच्या होत्या. शिंकताना रुमाल धरा, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहा, रिकाम्या जागेत कोबी लावा. त्यांतच, खाणीत सुरुंगापाशी कसे वागावे, ही एक फिल्म निघायची होती. त्यांना नट नको होते. खरे खाणकामगार, खरी जागा आणि खरा अपघात हवा होता. चार दिवस पाऊस पडला. सहाही जण गल्लीतल्या घराघरांत चहा आणि मनुक्यांचा ब्रेड खात बसले. त्यांच्या कॅमेऱ्यात दोरीवरचे कपडे येतील म्हणून बायकांनी तो आठवडाभर धुणे मागच्या अंगणात वाळत घातले, आणि फिल्ममध्ये शेवटी गल्ली आलीच नाही, याचा राग ब्लॉडवेन मावशीने वीस वर्षे धरला.

त्यांचा मुख्य माणूस फॅरंट. उंच, हसरा, सगळ्यांचे आभार मानणारा. तो वाईट नव्हता. पाचव्या दिवशी ऊन पडले तेव्हा त्याने इद्वल आणि ग्विलिमला खाणीच्या काठावर बोलावले. इद्वल युद्धात चार वर्षे फौजेत होता, त्याचे इंग्रजी सफाईचे होते. ग्विलिम गाव सोडून कधी गेला नव्हता. त्याला दुकानापुरते इंग्रजी येई, आणि परक्यासमोर तेही आटत असे.

फॅरंट इद्वलला म्हणाला, “हे बघा, पडद्यावर एक जण बजावणारा हवा आणि एक जण न ऐकणारा. बजावणाऱ्याला बोलावं लागेल, तेव्हा ते तुम्हीच. तुमच्या मित्राला बोलायची गरज नाही. शेवटी त्यांची रिकामी बाही दाखवली की झालं. त्यांना जरा समजावून सांगता?”

इद्वल ग्विलिमकडे वळला आणि आपल्या भाषेत म्हणाला, “साहेब म्हणतात, मी ओरडायचं, थांब, दोनच उडाले. तू ऐकायचं नाहीस. सरळ पुढं चालत जायचं.”

ग्विलिम म्हणाला, “पण असं झालं नव्हतं, इद्वल.”

“काय म्हणतात ते?” फॅरंटने विचारले.

“ठीक आहे म्हणतो,” इद्वलने सांगितले.

“तू सांगितलंस त्याला?” ग्विलिमने विचारले.

“सांगितलं. ते म्हणतात, फिल्म अशीच असते.”

ग्विलिमने मान हलवली. “बरं. निदान नव्या पोरांचे हात वाचतील.” आणि तो चालत जाऊन सांगितल्या जागी उभा राहिला.

आसपास कॅमेऱ्याची माणसे होती, पण वेल्श कुणाला कळत नव्हते. हे बोलणे मला फार पुढे इद्वलच्या बायकोने, एलिनेडने सांगितले. तिला ते इद्वलने त्याच रात्री सांगितले होते. ती म्हणाली होती, “फॅरंट अजून शनिवारपर्यंत आहेत. उद्या सकाळी जाऊन सांग.” इद्वल सकाळी गेला, आणि त्याने फॅरंटच्या सांगण्यावरून “थांब, दोनच उडाले” हे वाक्य सात वेळा म्हटले. सातव्या वेळी ते उत्तम झाले.

पुढच्या मार्चमध्ये चॅपलच्या मागच्या खोलीत, भिंतीवर चादर ताणून ती फिल्म दाखवली गेली. मी सहा वर्षांची होते आणि आईच्या मांडीवर बसले होते. आपलीच माणसे भिंतीएवढी मोठी झालेली पाहून लोक आधी खूप हसले. डेव्हिड गाय जबडा हलवत नुसता ब्रेड खात होता, तरी टाळ्या पडल्या. बातम्या सांगणारा असतो तसला एक आवाज इंग्रजीत समजावत होता, आणि अंधारात ज्याला समजत होते तो शेजाऱ्याला आपल्या भाषेत सांगत होता. मग इद्वल ओरडला, ग्विलिम पुढे गेला, धूर झाला. शेवटी पडद्यावर फक्त एक रिकामी, टाचणीने दुमडलेली बाही उरली. खोली गप्प झाली.

त्या शांततेत माझे वडील मोठ्याने म्हणाले, “अरे ग्विलिम, एवढी कसली घाई होती रे तुला?”

लोक हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. बाहीकडे पाहून आलेला ताण कुणी तरी मोडायला हवा होता. ग्विलिमही थोडा हसला. सगळे हसत असताना ज्याच्यावर हसतात त्याने गप्प बसणे सोपे नसते. इद्वल पहिल्या बाकावर होता. त्याने मागे वळून पाहिले नाही.

चहा ओतून होईपर्यंत दोन्ही नावे ठरून गेली होती.

माझे वडील त्या गुरुवारी त्याच आडोशात होते. मोजणी कुणाकडे होती हे त्यांना माहीत होते. तरीही तीन-चार वर्षांत ते नव्या कामगारांना फिल्ममधलीच हकीकत सांगू लागले, आणि सांगताना इद्वलचा हात कसा वर झाला होता तेही दाखवू लागले. खोटे बोलावे असे त्यांच्या मनात नव्हते. त्या दिवशी त्यांनी सगळे अर्धवट ऐकले होते, आणि फिल्म त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. एकदा मी कॉलेजातून आले असताना त्यांना हे विचारले. ते पाईप झाडत बसले आणि म्हणाले, “मोजायचं इद्वलकडेच असायचं, हे खरं.” मग तो पुन्हा भरत म्हणाले, “पण पडद्यावर तर तो ओरडतोय.”

नावाचा खरा फटका बसला तो त्रेपन्न साली. ओवेन बिगूल वारला. खाणीतला बिगूल नेहमी जायबंदी माणसाकडे द्यायची रीत होती. सुरुंगाच्या आधी एकदा वाजवायचा, सगळे निर्धास्त झाल्यावर पुन्हा वाजवायचा, आणि कुणी ‘सुरुंग अडला’ म्हटले तर त्या बाजूला माणूस सोडायचा नाही. काम मानाचे होते. बिगुलाला एकच हात लागतो. ग्विलिम महिनाभर गावाबाहेर हाफोदच्या माळावर जाऊन, जुना बिगूल मागून आणून सराव करत होता. त्याची मुलगी नेस्टा ऐकायला बसे आणि चुकला की सांगे.

नाव सुचवण्यासाठी कामगारांच्या समितीची बैठक जेवणाच्या झोपडीत भरली. इद्वल समितीवर होता. बहुतेकांना ग्विलिमलाच द्यायचे होते. पण एकाने शंका काढली. “माणूस चांगला आहे हो. पण घाईचा. त्याच्या बिगुलावर तुम्ही पोराला पुढं पाठवाल का?”

अध्यक्ष म्हणाले, “इद्वल, चौदा वर्षं तू त्याच्याबरोबर होतास. तूच सांग.”

त्या झोपडीत दुपारच्या जेवणानंतर कविता होत, वाद होत, बायबलातल्या एका ओळीवर आठवडाभर चर्चा होई. बोलायला तिथे कुणाला संकोच नव्हता. इद्वल आपल्या चहाच्या डब्याचे झाकण उघडत आणि लावत राहिला. मग म्हणाला, “काम जबाबदारीचं आहे.”

एवढेच. बिगूल पाय मोडलेल्या दुसऱ्या एका माणसाला मिळाला. ग्विलिमला दगड चिरण्याच्या शेडमध्ये झाडू मारण्याचे काम मिळाले. तिथली धूळ पुढे त्याच्या छातीत बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्विलिम इद्वलच्या दारात आला. एलिनेडने आत बोलावले, तो आला नाही. चांगला कान इद्वलकडे येईल असा तो जरा तिरपा उभा राहिला.

“काल तू काय म्हणालास ते कळलं.”

“समितीचा निर्णय होता, ग्विलिम.”

“समितीनं तुला विचारलं होतं.”

इद्वल दाराच्या कडीशी चाळा करत राहिला.

“लंडनच्या साहेबापुढं इंग्रजीत घडाघडा बोललास. आपल्याच माणसांत, आपल्या भाषेत चार शब्द बोलायला काय आडवं आलं रे?”

“आता बोलून काय होणार? फिल्म देशभर गेली.”

“फिल्म त्यांची आहे, गेली तर जाऊ दे. नाव माझं आहे. नेस्टाला शाळेत ‘घाईची पोर’ म्हणतात.” मग तो एलिनेडला म्हणाला, “येतो वहिनी,” आणि गेला. त्यानंतर अठरा वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. एका गल्लीत राहून, एका चॅपलमध्ये जाऊन हे साधायला दोन्हीकडून बरीच मेहनत लागते.

या अठरा वर्षांत इद्वल लोक म्हणत तसाच झाला. त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात पाटीच्या दगडाचे गुळगुळीत खडे असत. जितक्या वाती, तितके खडे मुठीत. बार उडाला की एक खडा उजव्या खिशात. शंका आली तर तो टोळीला अर्धा नव्हे, एक तास बसवून ठेवी. तरुण कामगार कुरकुरत, “सबुरीकाका, जेवणाची वेळ झाली की हो,” आणि तो मुठीतले खडे पुन्हा मोजी. त्याच्या टोळीत पुन्हा कुणाचे नखही दुखावले नाही. एलिनेड दर दोन महिन्यांनी खिशांना नवे अस्तर लावी. लोक म्हणत, हा जन्मतःच असा आहे. आणि हे ऐकले की तो कामाचे निमित्त काढून उठून जाई. स्पर्धेत गाणे त्याने सोडले. घसा बसतो, असे कारण सांगितले. चॅपलमध्ये मात्र तो उभा राहून तोंड हलवी. आवाज निघत नाही, हे फक्त शेजारी उभ्या असलेल्या एलिनेडला कळे.

तो दोन वेळा बोलायला निघाला होता, असे तिने मला सांगितले. एकदा त्याने पाद्रीसाहेबांच्या दारापर्यंत जाऊन घंटी वाजवली, आणि दार उघडल्यावर छपराच्या दुरुस्तीची चौकशी करून परत आला. दुसऱ्यांदा ग्विलिम छातीच्या दुखण्याने इस्पितळात होता तेव्हा त्याने त्याच्यासाठी अंडी नेली. ग्विलिम झोपला होता. अंडी परिचारिकेकडे देऊन, नाव न सांगता तो आला. “त्याला शिक्षेची भीती नव्हती,” एलिनेड म्हणाली. “कोण शिक्षा करणार होतं? त्याला लाज वाटायची. आणि जितके दिवस जायचे तितकी सांगण्याची लाज वाढायची. आधी एकाच गोष्टीची होती, मग गप्प राहिल्याचीही.”

एकाहत्तर साली खाण बंद झाली. घरांवर आता सिमेंटची कौले चढत होती. निरोपाचा कार्यक्रम ठरला आणि कुणी तरी ती फिल्म मागवली. मी तेव्हा लिव्हरपूलमध्ये शिकवत होते. कॉलेजात शिकलेली, म्हणून कार्यक्रमाचे सूत्रसंचालन माझ्याकडे आले. फिल्मनंतर इद्वलची छोटी मुलाखत घ्यायची असे मीच सुचवले. खरी हकीकत मला तेव्हा पुरती ठाऊक नव्हती; पण वडिलांचे ते अर्धे वाक्य मी ऐकले होते. ते मी पुन्हा कधी उकरले नव्हते. उत्तर नको असले की आपण विचारत नाही, आणि मी शिकलेली असूनही तेच केले होते.

निघताना एलिनेड नवऱ्याला म्हणाली, “आज पुन्हा टाळ्या घेणार आहेस?” तो टाय बांधत होता. त्याने तो सोडून पुन्हा बांधला.

खोली भरली होती. ग्विलिम मागे, शेगडीपाशी बसला होता. शेजारी नेस्टा, आता दोन मुलांची आई. फिल्म जुनी झाली होती, पडद्यावर रेघा पडत होत्या. पडद्यावरची बरीच माणसे आता चॅपलच्या आवारात पुरलेली होती, म्हणून या वेळी सुरुवातीला कुणी हसले नाही. इद्वल ओरडला. ग्विलिम पुढे गेला. बाही आली. माझे वडील जवळच बसले होते. ते खाली पाहत होते.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. इद्वल माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. साठी ओलांडलेला, मुंडन केलेले डोके, नीट घासलेले बूट. मी लिहून आणलेला प्रश्न वाचला.

“इद्वलकाका, त्या दिवशी एवढ्या गोंधळातही तुम्ही बरोबर दोनच बार मोजलेत. तुम्हाला ते कसं जमलं?”

त्याचा हात खिशात गेला आणि खडे एकमेकांवर वाजले. मग हात रिकामाच बाहेर आला. तो उठून उभा राहिला, आणि मला वगळून मागच्या बाकाकडे पाहू लागला. ग्विलिमने मान वळवून चांगला कान पुढे केला.

“मी मोजलंच नव्हतं,” इद्वल म्हणाला. “गाणं गुणगुणत बसलो होतो. त्यानं विचारलं किती, तर तीन म्हणून टाकलं.”